आबांचे परदेशी सिनेमे

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, दर रविवारी दुपारचं जेवण झालं की परदेशी सिनेमा लावून बसतात. कुठल्या देशाचा ते त्यांना विचारू नका, त्यांनाही माहीत नसतं. अट एकच. ती भाषा घरात कुणालाच येत नसली पाहिजे आणि पडद्यावर खाली अक्षरं उमटता कामा नयेत. इंग्रजी अक्षरं दिसली की ते रिमोटची बटणं दाबत सुटतात आणि दुसरा सिनेमा शोधतात. माणूस चौथी शिकलेला, सगळा जन्म बीडमध्ये पत्रा ठोकण्यात गेलेला, आणि हे असले नखरे. माझं डोकं फिरायचं. अजूनही फिरतं, पण आता ते दुसऱ्याच कुणावर फिरतं.

आमची गल्ली पत्र्याची. धान्याच्या कोठ्या, लग्नात द्यायच्या पेट्या, कूलरच्या बॉड्या, सगळं तिथेच दुकानाच्या पायरीवर बसून ठोकायचं. सकाळी नऊपासून दिवेलागणीपर्यंत ठणठणाट. त्यात बोलायचं म्हणजे एकतर समोरच्याच्या तोंडाशी जाऊन ओरडायचं, नाहीतर हातानं खुणा करायच्या. चहा पाहिजे तर अंगठा ओठाला लावायचा, माप वाढवायचं तर बोटं फाकवायची, गिऱ्हाईक फार घासाघीस करत असेल तर शेजारच्याकडे बघून मान खाजवायची. शेजारच्या दुकानातले चाचा आणि आबा असे दिवस दिवस गप्पा मारतात, तोंडातून शब्द न काढता. तलवाड्याकडून पेटी न्यायला आलेल्या माणसांनी एकदा घाबरून विचारलं होतं, "तुमी दोघं भांडून बसलाव का काय?" आम्ही भावंडं याच गल्लीत वाढलो, म्हणून घरातही ओरडूनच बोलतो. लग्न होऊन मी तीन गल्ल्या पलीकडे गेले तेव्हा सासरच्यांना पहिला आठवडाभर वाटत होतं, सून कशावरून तरी चिडलीय. तशी मी चिडलेली असतेच म्हणा.

आबांवरचा राग मात्र साधा नव्हता. आई दवाखान्यात होती, शेवटचे दिवस. तिचा आवाज अगदी खोल गेला होता. एका सकाळी तिने आबांचा हात धरला आणि म्हणाली, "दुकान बंद करा आता. लई ठोकलं. आता बस करा." आबांनी दोनदा मान हलवली. आईने त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं, आणि बराच वेळ बघतच राहिली. मला वाटलं, ती मला साक्षीला धरतेय. मीही मान हलवली. दुसऱ्या दिवशी ती गेली.

तेरावं झालं. चौदाव्या दिवशी सकाळी शाळेत शिकवायला जाताना मी गल्लीतून निघाले तर आबांच्या दुकानाचं शटर वर गेलेलं, आणि आबा मांडी घालून कोठीच्या तळाला ठोके घालत बसलेले. मी जिथे होते तिथेच थांबले. बायको जाऊन दोन आठवडे झाले नाहीत आणि तिला दिलेला शब्द या माणसाने मोडून खाल्ला. मी तशीच शाळेत गेले. पुढची दोन वर्षं त्यांच्याशी नीट अशी बोललेच नाही. डबा द्यायचे, औषधं आणून द्यायचे, तब्येत विचारायचे, सगळं तोंड फिरवून. कारण सांगितलं नाही. त्यांना ते माहीत असलंच पाहिजे, असा माझा हेका होता.

सिनेमाचं खूळ आई गेल्यावरच सुरू झालं. भावाने इंटरनेटवरचे सिनेमे दिसणारा मोठा टीव्ही आणला आणि रिमोट आबांच्या हातात गेला. आधी हाच माणूस मराठी सिनेमे बघायचा. आई शेजारी बसायची आणि दर दोन मिनिटांनी त्यांच्याकडे वळून सांगायची, "अवो, ती म्हणतीया, मी काय यायची न्हाई." आम्ही आईला हसायचो. म्हणायचो, आबांना सगळं भरवायची सवय लागलीय, आता सिनेमाही भरवतेय. ती पुढचं सांगायला पुन्हा आबांकडे वळायची.

ती गेल्यावर आबांनी मराठी सिनेमा सोडला. विनोदी काही लागलं की अर्ध्यातून उठून जायचे. लग्नाकार्यात जाणं टाळायला लागले, म्हणायचे, लाऊडस्पीकरचा तरास होतो. आणि घरात हे परदेशी सिनेमे सुरू झाले. मी त्यांची टर उडवायची एक संधी सोडली नाही. पाहुणे आले की सांगायचे, "आमच्या आबांना आता मराठी पचत न्हाई. त्यांना परदेशातला माल लागतो." पाहुणे हसायचे. पाहुणे हसले की आबाही हसायचे, थोडं मागून.

एकदा मी समोर बसून विचारलंच, "आबा, काय कळतंय तुमाला यातलं?"

"तुला काय कळतंय?"

"काय बी न्हाई."

"मंग बस की," आबा म्हणाले आणि सरकून मला जागा दिली.

मी बसले, रागारागातच. आणि कबूल करते, मजा आली. सिनेमात बर्फ होता, एक लाकडी घर, एक बाई आणि अधूनमधून येणारा टोपीवाला माणूस. दोघं एकमेकांशी काहीतरी कडाकडा बोलायची. भाऊ, वहिनी, मी, कुणालाच ओ की ठो कळत नव्हतं. आबांना मात्र सगळं कळत होतं. ते आम्हाला गल्लीतल्या खुणांनी आणि मोठ्या आवाजात कथा सांगत होते. "त्यो तिचा थोरला दीर हाय. बघा, त्यो आला की ती डोक्यावरचा रुमाल पुढं वडती. घरावरून वाद हाय त्यांचा. नवरा गेला असंल हिचा. दीर म्हणतो, घर माझं." वहिनीलाही पटलं. थोरला दीर आला की बाई पदर पुढं ओढणारच, त्यात शंका कसली. सिनेमा संपल्यावर मी मोबाईलवर त्याची माहिती काढली. तो टोपीवाला सरकारी माणूस होता, घर जप्त करायला आलेला, आणि बाईचं त्याच्याशी काडीचं नातं नव्हतं. रुमाल ती थंडीने ओढत होती. मी हे आबांना वाचून दाखवलं, मुद्दाम, चारचौघांत, त्यांची खोड मोडायला. आबा म्हणाले, "पण घराचा वाद हाय म्हणलोच न्हवं मी?" ते बरोबरच होतं, म्हणून मला आणखी राग आला.

यंदाच्या उन्हाळ्यात एक मराठी सिनेमा आला. शाळेतल्या सगळ्या बायका बघून आल्या होत्या. मी तिकिटं काढली, भाऊ, वहिनी, मी आणि आबा. आबा नको म्हणाले. मी म्हटलं, यायचं म्हणजे यायचं. "दोन वर्षं झाली, माणसात बसायचं का न्हाई तुमाला?" असंही म्हणाले. ते मुकाट्याने धोतर बदलून आले.

बीडच्याच थिएटरला दुपारचा खेळ. मी त्यांच्या शेजारी बसले. सिनेमा मराठी, त्यातली माणसं आमच्यासारखंच बोलत होती, आणि खाली इंग्रजीत अक्षरं येत होती. थिएटर हसून हसून बेजार. आबाही हसत होते. अर्धा तास गेला आणि मला काहीतरी खटकलं. आबा पडद्याकडे बघतच नव्हते. मान थोडी वळवून ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी हसले की हसायचे. भाऊ हसला की त्याच्याकडे बघून हसायचे. अंधारात चोरासारखे, एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्यावर.

मी जे केलं ते आता लिहिते आहे, पण तोंडाने कुणाला सांगितलेलं नाही. पडद्यावर दोघं जण टेबलाशी बसून चहा पीत शांतपणे बोलत होते. त्यातला एक दुसऱ्याला सांगत होता की तुझे वडील वारले. सगळं थिएटर गप्प झालं होतं. आणि मी आबांकडे वळून हसले. मोठ्याने, दात दाखवून.

आबा खो खो हसले. किती मोठ्याने हसतोय ते त्यांना कळत नव्हतं.

पुढच्या रांगेतला एक माणूस मागे वळला. "ओ काका, बाप मेलाय त्याचा. हसताव कावून?"

आबांनी त्याच्याकडे बघितलं आणि दोनदा मान हलवली.

ती मान मी ओळखली. दवाखान्यात आईसमोर हलली होती तीच. तशीच दोनदा, तशीच समजूतदार, आज्ञाधारक. उरलेला सिनेमा मी पाहिला नाही. मी नुसती त्या खालच्या इंग्रजी अक्षरांकडे बघत होते आणि आतून पेटत होते. मराठी माणसांनी मराठी माणसांसाठी मराठीत काढलेला सिनेमा, बीडच्या थिएटरात लागलेला, आणि खालची अक्षरं कुणासाठी? इथे कोण येणार होतं, ज्याला मराठी कळत नाही पण इंग्रजी वाचता येतं? आणि ज्याला मराठी वाचता येतं, पण ऐकू येत नाही, तो माझ्या शेजारी बसून पोरीच्या तोंडावर सिनेमा वाचत होता. चौथी शिकलेला माणूस वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतो. त्याच्यासाठी चार मराठी अक्षरं टाकायला कुणाचे हात मोडले होते? आणि हे मी कुणाला विचारणार? मी स्वतः दोन वर्षं त्यांच्यासमोर बसून काय केलं होतं, टर उडवण्याशिवाय?

मग परदेशी सिनेमांचंही कळलं. त्या सिनेमांत आम्ही सगळेच बहिरे होतो. कुणी त्यांच्या आधी हसत नव्हतं, कुणी त्यांना मागे टाकून पुढे जात नव्हतं. उलट तिथे आबाच आम्हाला सांगत होते. इंग्रजी अक्षरं आली की मी आणि भाऊ वाचणार आणि ते पुन्हा एकटे पडणार, म्हणून ती नकोत. एवढी साधी गोष्ट. आणि मी शिक्षिका म्हणवते. वर्गात एखादं पोर दोनदा चुकीचं उत्तर देतं तेव्हा त्याला पुढच्या बाकावर आणून बसवते.

कानाच्या डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी एका बंद खोलीत बसवून तपासलं आणि नंतर आबा समोर असताना सगळं मलाच सांगितलं. आयुष्यभर ठोकाठोकीचं काम, कान बऱ्याच वर्षांपूर्वीच गेलेत. मग म्हणाले, "इतकी वर्षं घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?" मला त्यांचाही राग आला. कसं येणार लक्षात? आमच्या गल्लीत सगळेच ओरडतात, सगळेच खुणा करतात, सगळेच दोनदा विचारतात. चांगले कान असलेला माणूसही तिथे बहिऱ्यासारखाच राहतो. एकटी आई ओळखून होती. तिने सांगितलं नाही, कारण आबांनीच तिला बजावलं असणार. भैरा कारागीर म्हटलं की गिऱ्हाईक हातानं बोलत नाही, हातवारे करत चिडवतं. ते आम्ही लहानपणी दुसऱ्या कुणाकुणाच्या बाबतीत पाहिलं होतं. आम्ही स्वतः त्यात हसलोही होतो.

कानाचं यंत्र घेतलं. आबांनी ते आठ दिवस लावलं आणि काढून खिशात टाकलं. म्हणाले, हातोडीचा आवाज डोक्यात खिळे मारल्यागत येतो. मी म्हटलं, मग हातोडी सोडा. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, म्हणजे त्यांनी ते वाचलं. दुकान चालूच राहिलं.

आणि मी? मला सगळं कळलं होतं आणि मी गप्प बसले. त्यांनी शब्द मोडला नव्हता, कारण शब्द त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. हे मी त्यांना सांगावं की नाही? सांगितलं तर ज्या माणसाने बायकोजवळ शेवटचे दिवस मन लावून काढले, त्याला कळणार की तिचं शेवटचं बोलणं त्याने ऐकलंच नाही. नाही सांगितलं तर ते दुकानात बसून तेच करत राहणार, जे तिला नको होतं. तीन महिने मी हे पोटात घेऊन फिरले. घरी मुलांवर ओरडले, शाळेत मुलांवर ओरडले, एकदा भाजीवाल्यावर ओरडले. आबांपुढे गोड बोलायला लागले, तर त्यांनीच भावाला विचारलं, हिला काय झालंय, तब्येत बरी हाय ना. भावाला मी काही सांगितलं नव्हतं.

त्या दिवसांत मी रविवारी त्यांच्या शेजारी बसायला लागले. हातात शाळेची एक उरलेली वही ठेवायचे. काही बोलायचं असलं तर मोठ्या अक्षरात लिहून दाखवायचे. त्यांना ते आवडायचं, पण सिनेमाचं काही लिहू द्यायचे नाहीत. "सिनेमा मी सांगतो," म्हणायचे.

गेल्या महिन्यातली गोष्ट. भाऊ आणि वहिनी लग्नाला गेले होते. आबा आणि मी दोघंच. सिनेमा कुठल्यातरी समुद्राकाठच्या देशातला. एक म्हातारी पलंगावर, तिचा नवरा पलंगाच्या कडेला. म्हातारी बोलत होती. बराच वेळ, हळूहळू, त्याचा हात धरून. मला शब्दही कळत नव्हता. आबा काही सांगत नव्हते. इतर वेळी त्यांनी एव्हाना दोघांचं सगळं घरदार सांगून टाकलं असतं.

त्यांनी सिनेमा थांबवला. पडद्यावर म्हातारीचं तोंड अर्धं उघडं राहिलं.

"तुझी आई बी असंच बोलली," ते म्हणाले. "मला एक शब्द आला न्हाई. तिला जोरात बोलवंना आन तोंडबी नीट हलंना. तू व्हतीस तिथं. काय म्हणली?"

त्यांनी वही माझ्या मांडीवर सरकवली.

मी लिहिलं. जसं ती बोलली तसंच, एक शब्द इकडे तिकडे न करता. दुकान बंद करा आता. लई ठोकलं. आता बस करा. एका दमात लिहिलं, म्हणून अक्षर वाईट आलं आणि ते त्यांना दोनदा वाचावं लागलं. ते बोट ठेवून वाचतात. बोट तिसऱ्या वाक्यावर थांबलं आणि तिथेच राहिलं.

"मंग मी काय म्हणलो?"

मी खाली लिहिलं, तुम्ही मान हलवली.

"मान तर मी सगळ्यांनाच हलवतो," आबा म्हणाले.

मला त्यांना सांगायचं होतं की म्हणूनच मी दोन वर्षं तुमच्याशी नीट बोलले नाही. तेही लिहिलं. लिहायला नको होतं, पण लिहिलं. त्यांनी ते वाचलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या बापाला माझ्यावर चिडलेलं पाहिलं. त्यांचा चेहरा लाल झाला. वही त्यांनी जमिनीवर टाकली.

"दोन वर्षं? आन मला कावून न्हाई सांगितलं? तिनं तुला कशाला ठेवलं व्हतं तिथं?" ते ओरडत होते, गल्लीत ओरडतात तसे, पण गल्ली रविवारची बंद होती आणि तो आवाज घरभर घुमत होता. "तिला ठावं व्हतं, मला ऐकू येत न्हाई. ती माझ्याशी बोलतच न्हवती. तुला सांगत व्हती, की माझ्या कानात वरडून सांग म्हणून. तू व्हतीस तिथं. वरडायचं व्हतंस."

आई माझ्याकडे का बघत राहिली होती, ते मला त्या क्षणी कळलं. मी तिथेच होते. ज्या घरात सगळे ओरडूनच बोलतात त्या घरातली मी, दवाखाना आहे म्हणून हळू बोलत होते. आईची नजर माझ्यावर होती, तिचं काम तिने माझ्याकडे दिलं होतं, आणि मी तिला नुसती मान हलवली.